मापाचं माणूस

डोमाजी कुणाच्याही घरी गेले की बसत नसत. रामराम झाला न झाला, की खिशातून भिंग काढून भिंतीवरच्या फोटोला नाक लावायचे. देवाचे, लग्नाचे फोटो त्यांना चालत नसत. "इमारतीचा हाय का जी येखादा?" एवढंच विचारायचे. "अहो, चहा तरी घ्या," म्हणावं तर, "बसाले वेळ कोठी हाय जी!" आणि स्वारी सायकलवर.

गोंदियात त्यांचा स्टुडिओ होता. जुनी इमारत पाडणार अशी नुसती कुणकुण लागली, की कॅमेऱ्याचं खटलं सायकलला बांधून डोमाजी हजर. लोकांनी इतका धसका घेतला होता, की एकदा ते बाजारात चाकात हवा भरायला थांबले, तर समोरचा शेठ धावत आला, "क्यों भैया, हमारी दुकान भी गिरने वाली है क्या?"

इमारतीची उंची कळावी म्हणून दाराशी माणूस हवंच, हा त्यांचा हट्ट. ते माणूस म्हणजे त्यांची बायको, गिरजाबाई. हातातलं काम टाकून बिचारी उन्हात उभी राहायची. "हालू नोको वो!" डोमाजी काळ्या कापडाखालून ओरडायचे, आणि ती नेमकी तेव्हाच पदर सावरायची. त्यामुळे फोटोतल्या प्रत्येक दारात तिच्या जागी एक पुसट डाग.

गिरजाबाई गेली. पुढच्या पावसाळ्यात स्टुडिओत पाणी शिरलं, निगेटिव्हच्या काचेच्या सगळ्या प्लेटा खराब झाल्या. तेव्हापासून, आपण काढलेला एखादा फोटो कुणाकडे उरलाय का पाहत, हे दारोदार फिरणं सुरू झालं. माझ्याकडे तर दर रविवारी, ऐन पेपर तपासायच्या वेळी! शेवटी वैतागून मी माळ्यावरची पेटी उपसली. स्टेशनाकडच्या धर्मशाळेत आमची शाळा भरायची, त्या धर्मशाळेचा डोमाजींनीच काढलेला फोटो सापडला. धर्मशाळा पाडून चार वर्षं झाली होती.

"घ्या! आणि मोजा कौलं एकदाची," मी फोटो जवळजवळ आपटलाच.

"कवेलू कोन पाह्यते, गुरुजी?" म्हणत त्यांनी भिंग लावलं. मग ते सरकवत सरकवत फोटोतल्या दाराशी आणलं.

"हालली नाई," ते हळूच म्हणाले. "गुरुजी, पाहा पाहा, हालली नाई! माझ्यावर रागवून राहिली!"

मी वाकून पाहिलं. बोटभर दारात तांदळाच्या दाण्याएवढं तोंड, पदर मागे पडलेला, भुवया चढलेल्या. खरंच रागावली होती.

"सारी दुनिया माझ्या स्टुडिओत खुर्चीवर बसून गेली जी. हिले कधी बसवलंच नाई. मापाले उभी केली नुसती."

माझी मलाच लाज वाटली. "फोटो घरी न्या, डोमाजी," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलंच नाही. फोटो मांडीवर घेऊन ते माझ्या खाटेवर बसले होते. दोनदा केलेला चहा गार झाला, दिवे लागले, तरी उठले नाहीत.