सटवाजी पाणभुते नदीत राहिले त्याची हकीकत

श्रीशाईदेवता प्रसन्न. शके १९०६, रक्ताक्षी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी घडले ते वर्तमान. धन्यांनी आज्ञा केली की, चित्रकथेचे दौलतीत एका अंकापुरते दुष्ट आले आणि विसरले गेले, त्यांपैकी एकाची तरी हकीकत लिहिणे. आज्ञेप्रमाणे लिहिली आहे.

ते दौलतीत राखेतून उठलेले भस्मधर महाराज राज्य करीत, आणि दरमहा अंक निघे, आणि दर अंकी नवा दुष्ट येई, आणि चोविसावे पानी मरे. परंतु वहिवाट ऐसी की, ज्याचे प्रेत सापडले नाही त्याने पुन्हा यावे, आणि सापडले त्याचे नाव कोणी घेऊ नये. ऐशात सत्तरावे अंकी सटवाजी पाणभुते आले. हे जलपिशाच्च, विद्या एकच, पाण्यात बुडावयाचे नाही. बांध फोडून नगर बुडवावे आणि आपण वर तरंगत राहावे, ऐसा मनसुबा केला. मग लढाई नेमाप्रमाणे जाहली, आणि तेविसावे पानी महाराजांनी त्यांस बांधावर गाठले. तेव्हा सटवाजी हात जोडून बोलिले, "महाराज, मरणाचे दुःख नाही. पण गदेने मारू नका, खाली नदीत ढकला. प्रेत सापडले नाही तर मला पुन्हा येता येईल. एका अंकात माणूस कोणाच्या ध्यानात राहतो?" महाराज "बरे" म्हणाले आणि ढकलिले.

सटवाजी पाण्यात गेले आणि लागलेच वर आले. तीनदा डोके खाली घातले, तीनदा वर आले. करावयास गेले गणपती आणि जाहला मारुती. सटवाजींचीच विद्या आड येईल हे दोघांसही उमगले नव्हते. पंचनामा लिहिणारे रखमाजी हवालदार काठावरून म्हणाले, "महाराज, तो काय, तिथंच आहे. रडतोय." मग महाराजांनी नदीवर मूठभर राख टाकिली आणि म्हणाले, "आम्हांस दिसत नाही. लिहा, प्रेत सापडले नाही." हवालदारांनी मान खाली घालून तसेच लिहिले.

मग दोनशे अंक निघाले आणि दोनशे दुष्ट आले, परंतु सटवाजींस बोलावणे धाडावे हे कोणास सुचले नाही. ते वाट पाहत पुलाखाली तरंगत राहिले. चित्रकार सवयीने त्यांस काढितात, तिळाएवढे; वाचकांस तो छापखान्याचा डाग वाटतो. महाराज मात्र पुलावरून जाताना लढाईचे गर्दीतही एक हात वर करितात, आणि कोणासाठी हे कोणी पुसत नाही.

येणेप्रमाणे वर्तमान. दुष्ट बहुत जाहले, त्यांतील हा एक लिहून ठेविला. वाचकांनी नदीतला काळा ठिपका नखाने खरवडू नये.