टिटवीचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, म्हातारे फार होते. त्यामुळे तिथे अनुभव भरपूर होता आणि अक्कल बेताची.

त्या जंगलात एक टिटवी होती. रोज सकाळी वारुळावर उभी राहून ती जंगलाच्या बातम्या ओरडायची. फासे कुठे लागलेत, कुठलं पाणी प्यायचं नाही, पंचायतीची कोठी कोणी चाटून खाल्ली. ऐकायचे सगळे. चार किडे द्यायचं मात्र कुणाच्या मनात यायचं नाही.

मग टिटवी जगायची कशावर? वाढदिवसांवर! "जंगलाचे भाग्यविधाते, आमचे मार्गदर्शक तरसदादा यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" असं ओरडलं की तरसदादांकडून किडे पोचायचे. तरसदादांचा वाढदिवस वर्षातून बऱ्याच वेळा यायचा.

एकदा टिटवीला तलावाच्या बांधाला भेग दिसली. बांध बांधला होता तरसदादांच्या मेहुण्यानं. टिटवी ओरडली. त्याच दिवशी शुभेच्छा बंद, किडेही बंद. उपाशी टिटवीचा आवाज बसला.

बांधाखाली एका सायाळीचं बीळ होतं. बिळात तिची पिल्लं. भेग पाण्याच्या बाजूला, खालून दिसायची नाही; वाढली तर टिटवीच सांगणार. टिटवी गप्प झाली म्हणजे आपलं संपलं, हे सायाळीला कळलं. ती पंचायतीत गेली.

"टिटवीला कोठीतून वाटा द्या. मेहेरबानी नको, नियम करा. ती काय ओरडते ते न बघता द्यायचा. आणि वाटप पंचायतीबाहेरच्यांनी करायचं."

हत्तीआजोबा हसले. "पोरी, आमच्या काळी टिटव्या उपाशीपोटी ओरडायच्या. ध्येय होतं!"

"कुठे आहेत त्या आता?"

"गेल्या बिचाऱ्या."

"कशानं?"

आजोबांनी कान हलवले.

कासवअण्णा म्हणाले, "सरकारी किडा खाल्ला की चोच मिंधी होते गं."

"आणि तरसाचा खाल्ला की?"

"ते घरगुती संबंध!"

"शिवाय बातम्यांना काय तोटा?" वानरअप्पा फांदीवरून बोलले. "पोपट येतात की. महाजंगलात वाघाला शिंक आली, हे आपल्याला इथे बसून कळतं."

"बांधाचं कळतं का?"

"बांध ही काय बातमी झाली?"

शेवटी थोरांनी तोडगा काढला. सत्कार! शाल, श्रीफळ, 'निर्भीड टिटवी' पुरस्कार. अध्यक्ष तरसदादा. भाषणं दिवस मावळेपर्यंत.

टिटवीनं नारळाकडे पाहिलं. "हा चोचीनं फुटत नाही, आजोबा."

"भावना बघ गं, भावना!"

टिटवी शाल तिथेच टाकून उडाली. सायाळ म्हणत होती तसा नियम लांब एका जंगलात होता. तिकडे गेली.

पावसाळ्यात बांध फुटला. सायाळ कंद शोधायला गेली होती. परतली तेव्हा बीळ नव्हतं. पिल्लं नव्हती.

हत्तीआजोबा गुडघाभर पाण्यात उभे होते. कासवअण्णा तरंगत होते. तेवढ्यात महाजंगलाचा पोपट आला आणि ओरडला, "एका जंगलात बांध फुटला! नुकसान किरकोळ!" जंगलाचं नाव त्यानं भलतंच सांगितलं.

"अरेरे!" वानरअप्पा शेंड्यावरून हळहळले. "बरं बाबा, आपल्याकडे असलं काही होत नाही."

तात्पर्य : गावची बातमी सांगणाऱ्याला सार्वजनिक कोठीतून नियमानं कधीही पोसू नये. पोट भरलं की तो खरं बोलायला लागतो, आणि मग थोरामोठ्यांना उगाच बांध दुरुस्त करावा लागतो. त्यापेक्षा पोरं बुडालेली परवडतात. त्यांना कुठे मत असतं!