पाष्टे गुरुजींची तिसरी

"थांबा, मी तिसरीत आहे."

सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपात स्टोअरच्या खिडकीशी जाऊन तुम्ही बोल्ट मागितलात की आतून हे उत्तर येणार. मग तुम्ही वेल्डर असा, इंजिनियर असा, नाहीतर खुद्द फोरमन युसुफ असा. युसुफ बहारीनचाच, आमच्या संगतीनं मोडकी हिंदी शिकलेला. पहिल्यांदा हे ऐकून तो खिडकीतून आत डोकावला आणि मग मला म्हणाला, "ये तिसरी किधर है?"

सांगतो. आमचे स्टोअरकीपर बाबाजी पाष्टे इथं येण्याआधी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात एकशिक्षकी शाळेवर गुरुजी होते. एक खोली, चार भिंती, चार इयत्ता. प्रत्येक इयत्ता आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसायची आणि गुरुजी मधोमध फिरायचे. पहिलीला गिरवायला लावलं की दुसरीचे पाढे, मग तिसरीचा धडा. अशा माणसाला हाक मारली तर तो 'कामात आहे' कसं म्हणेल? तो कुठल्यातरी इयत्तेत असतो. स्टोअरही त्यांनी तसंच लावलंय. पहिलीत खिळे, दुसरीत नट-बोल्ट, तिसरीत पाइपांचे सांधे. गंजलेला बोल्ट 'नापास'. चौथं कपाट मात्र रिकामं.

मी तिथलाच टायपिस्ट. गावी पत्रकं वाटत वाढलो, ती खोड समुद्र ओलांडूनही सुटली नाही. भर उन्हाळ्यात कॅम्पातला पाण्याचा कूलर बंद आणि साहेबाच्या केबिनमध्ये स्वेटर घालायची वेळ! मी खरमरीत अर्ज लिहिला आणि गुरुजींकडे सहीला नेला. त्यांनी तो सावकाश वाचला, सही केली आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"लिहिता येतंय. पण घाई फार. दुसरीत बस."

त्या शुक्रवारी मी खरोखर दुसरीच्या पोरांत बसलो होतो.

शुक्रवार सुट्टीचा. वर्कशॉपमागे पत्र्याची एक खोली होती, तिथं गुरुजी पोरांसाठी मराठी शाळा भरवत. सदू ड्रायव्हर पिकअप घेऊन सनद आणि जिदहफ्सची मराठी घरं फिरे आणि पोरं गोळा करून आणी. पोरं सगळी इंग्रजी शाळांतली. गुरुजी विचारत, "गो बाय, खाडी म्हणजे काय?" उत्तर येई, "सर, आय नो, बट आय कान्ट से."

पण ऊन चढलं की काहीतरी व्हायचं. बाहेर सगळं पांढरं होत जाई. पत्रा तापून टिकटिकू लागे. एका भिंतीशी पाढे, दुसरीशी बाराखडी, तिसरीशी धडा, आणि ते सगळे आवाज एकमेकांत विरघळून भरतीच्या पाण्यासारखे खोलीत चढत. मधोमध गुरुजी, डोळे अर्धे मिटलेले. सलमाबाद कुठं वाहून जाई कळत नसे. मी पक्का घाटावरचा. पण खिडकीबाहेरच्या वाळूत मला चिखलात कललेली होडी दिसायची.

आणि मग युसुफला रंगाचे पिंप ठेवायला तीच खोली हवी झाली. "मास्टर, बच्चा मफी, तो कमरा मफी. जुम्मा को मैं देखेगा." मफी म्हणजे नाही; पोरं नाहीत तर खोलीही नाही.

गुरुजींचा चेहराच उतरला. "पट भरला पाहिजे," एवढंच ते पुटपुटले.

मी त्या संध्याकाळीच पत्रक लिहिलं. 'गावात शाळा आहे तिथं पोरं उरली नाहीत, पोरं आहेत तिथं शाळा नाही! याला जबाबदार कोण?' आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. गुरुजी म्हणाले, "झकास. पण पत्रक वाचून पोर येत नाही रे. दारात जावं लागतं."

ते दारोदार गेले. लोकांनी चहा पाजला आणि "इंशाल्ला, पाठवतो" म्हणाले. आपली माणसं इंशाल्ला म्हणाली की खुशाल समजावं, पाठवत नाहीत.

शुक्रवारी जिदहफ्सला कुणाचा तरी वाढदिवस निघाला. पिकअपमधून उतरली एकटी ग्लेंडा, वसईच्या लूर्डबाई नर्सची मुलगी. गुरुजी दारात उभे होते. सदूनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तो कॅम्पाकडे पळाला.

थोड्या वेळानं वेल्डर आले, फिटर आले, सुतार आले. मिशा, ढेऱ्या, ग्रीस लागलेले ओव्हरऑल. गुपचूप भिंतींकडे तोंड करून मांडी घालून बसले. सदू सवयीनं पहिलीच्या भिंतीशी गेला. गावच्या शाळेत त्या भिंतीशी त्याची दोन वर्षं गेली होती. होय, सगळे गुरुजींच्याच गावचे, त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

युसुफ आला तेव्हा तुकाराम वेल्डर सतराचा पाढा चुकून कान धरून उभा होता.

"मास्टर, बच्चा किधर?"

"थांबा, मी तिसरीत आहे." ग्लेंडाचा परिच्छेद पुरा झाला, तेव्हाच गुरुजी वळले. "ये सब, साब."

"ये बच्चा? इसको मूंछ है!"

"मेराच बच्चा है, साब. छोटा था तब से."

युसुफनं तुकारामाच्या कानाकडे पाहिलं. हसू दाबलं. "खलास," म्हणाला, "रंग बाहर रहेगा," आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

दुपारी लूर्डबाई ड्यूटीवरून परस्पर मुलीला न्यायला आल्या. "गुरुजी, हिला चौथीत कधी घालता? पुस्तक पाठ झालं की हिचं."

"जरा कच्ची आहे अजून."

त्या गेल्या आणि मी उसळलो. "कच्ची? घडाघडा वाचते ती! हा अन्याय आहे, गुरुजी. पोरीला तुम्ही अडवून ठेवताय."

गुरुजी चटया गुंडाळत होते. चौथीच्या भिंतीशी एक चटई होती, ती मी कधी उलगडलेली पाहिली नव्हती.

"आमची शाळा चौथीपर्यंतच," ते म्हणाले. "चौथी झाली की पोर खाडी उतरून जायचं, ते जायचंच. दर वर्षी मीच धक्क्यावर जाऊन होडीत बसवायचो. हा सद्या, हा तुक्या, सगळे. शेवटी पट राहिला एकाचा. तेही पोर चौथी पास झालं. मग नुसत्या चार भिंती. म्हटलं, पोरं गेली तिकडे आपणही जाऊ." त्यांनी चटईवरून हात फिरवला. "शिकवायला काय, चौथीही शिकवीन. पण धक्का दिसतो रे समोर."

माझ्याकडे सगळ्या गोष्टींवर घोषणा असतात. तेव्हा मी चटईचं दुसरं टोक धरलं.

पुढच्या शुक्रवारी मी कूलरची बातमी घेऊन धावतच शाळेत शिरलो. नवा कूलर मंजूर झाला होता! चौथीची चटई उलगडलेली होती. तिच्यावर एकटी ग्लेंडा, आणि तिच्याशेजारी, प्रथमच खाली मांडी घालून, गुरुजी.

"गुरुजी, ऐका तरी!"

त्यांनी मान वर केली नाही.

"थांब जरा," ते म्हणाले, "मी चौथीत आहे."