सेकंदाला ऐंशी फूट

एखादी वस्तू वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत असेल, तर ती सुधारण्याची वेळ झाली असे खुशाल समजावे. बिघडलेली वस्तू कोणीही दुरुस्त करतो. त्यात काही अब्रू नाही. सुधारणा मात्र चांगल्या वस्तूचीच होऊ शकते. तिला लागते धैर्य, फावला वेळ आणि समजूतदार (अथवा थोडी बहिरी) बायको. आमच्या मोंटाना राज्यातल्या विलो फोर्क गावात या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत, असे आम्ही बरेच दिवस धरून चाललो होतो.

गावाच्या रायफल मंडळापुढे गेल्या हिवाळ्यात एक गंभीर प्रश्न आला. शिकारीच्या रायफलीचे चेंबर नव्याने कोरून घेऊन त्यात सुधारित काडतूस वापरणे फायद्याचे आहे की नाही? प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी तीन जणांची समिती नेमण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. मी एकेचाळीस वर्षे इथल्या शाळेत गणित शिकवले. आता दर शनिवारी बारा वर्षांच्या मुलांना बंदूक कशी हाताळू नये ते शिकवतो. पण निवडीचे खरे कारण इतिवृत्तात नोंदले आहे: ‘मास्तरांची रायफल अद्याप सुधारलेली नसल्यामुळे त्यांना या विषयातले काही कळत नाही, सबब ते निःपक्षपाती आहेत.’

विषय अवघड नाही. मुलांना समजतो. काडतूस म्हणजे एक पितळी पुंगळी. बुडाशी टिकली, पोटात दारू, तोंडात गोळी. पुंगळीला मानेखाली उतरते खांदे असतात. सुधारणा एवढीच, की हे खांदे ताठ करायचे आणि पोट जरा रुंदावायचे, म्हणजे चिमूटभर दारू जास्त मावते. (मंडळाच्या सभासदांपैकी बहुतेकांची पोटाकडची सुधारणा झालेली आहे, खांद्यांचे काम राहून गेले आहे.) त्या चिमूटभर दारूने गोळीचा वेग सेकंदाला ऐंशी फुटांनी वाढतो. मूळचा वेग असतो अठ्ठावीसशे.

ही काडतुसे दुकानात मिळत नाहीत. ती घडवावी लागतात. रायफलीत काडतूस जिथे बसते ती जागा, म्हणजे चेंबर, कारागिराकडून नव्या मापाने कोरून घ्यायची. मग तिच्यात दुकानातले साधे काडतूस घालून उडवायचे. स्फोटाने पुंगळी फुगते आणि नव्या आकाराची होते. ती उचलायची, पुन्हा भरायची, की झाले सुधारित काडतूस. थोडक्यात, एक सुधारित उडवायचे तर आधी एक साधे उडवावे लागते.

“मग ते साधं उडतं का त्या नव्या चेंबरातून?” वर्गातल्या एका मुलीने विचारले.

“उडतं.”

“नेमावर लागतं?”

“लागतं.”

“मग मास्तर, सुधारित कशाला—”

मी तिला सांगितले की हा भाग पुढच्या इयत्तेत येतो.

आता लायमन ओडेगार्डची हकिकत. समितीपुढचा हा मुख्य पुरावा.

लायमन त्रेसष्ट वर्षांचा. गवताचे भारे आणि म्हाताऱ्या गाई यांवर त्याचे घर चालते, आणि हिवाळाभराचे मांस डोंगरातून येते. त्याची रायफल वडिलांकडून आलेली. तिने एकतीस वर्षांत चोवीस एल्क, म्हणजे आमच्याकडची घोड्याएवढी हरणे, पाडले, बहुतेक माद्या आणि कोवळे नर, आणि सहसा एकेका गोळीत. पण ब्लॅकटेल खोऱ्यातले मोठ्या शिंगांचे नर मारायला सरकारी परवाना लागतो आणि तो चिठ्ठ्या टाकून मिळतो. लायमन अठरा वर्षे अर्ज करत होता. अठरा वर्षे त्याला नकाराचे पत्र येत होते, आणि ती सगळी पत्रे आर्लिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वयंपाकघरातल्या एका खणात ठेवली होती. एकोणिसाव्या वर्षी जूनमध्ये होकार आला. परवाना एका नराचा, एका हंगामापुरता. नर मिळो न मिळो, पुढच्या वर्षी माणूस पुन्हा रांगेच्या शेपटीला.

अशा प्रसंगी, ज्या रायफलीने एकतीस वर्षांत एकदाही दगा दिला नाही, तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? लायमनने सरळ विचार केला आणि तिला घेऊन तो ड्यूएन प्रिबिलकडे गेला.

ड्यूएन हा आमचा बंदुकांचा कारागीर. हात सोन्याचे, तोंड फाटके.

“काय बिघडलंय हिचं?” त्याने विचारले.

“काहीच नाही.”

“मग आण इकडे,” ड्यूएन म्हणाला. “बिघडलेल्या बंदुका आणतात ते लोक मला नाही आवडत. रडतच येतात.”

जुलैत चेंबर कोरून झाले. ऑगस्टभर लायमन चांदमारीच्या मैदानावर होता. त्याने दोनशे साधी काडतुसे उडवून दोनशे पुंगळ्या घडवल्या. ही दोनशे काडतुसे शंभर यार्डांवर कॉफीच्या कपाएवढ्या जागेत पडली. (समितीने ती लक्ष्ये पाहिली आहेत. सुंदर आहेत.) पण ती नेम धरण्यासाठी उडवलेली नसून केवळ पुंगळ्या फुगवण्यासाठी उडवलेली असल्यामुळे त्यांची मोजदाद झाली नाही.

सप्टेंबरात सुधारित काडतुसांची चाचणी सुरू झाली. त्यांच्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पडल्या. लायमनला आनंद झाला, कारण आता सुधारायला वाव होता. तो दारू अर्ध्या दाण्याने वाढवी, पाव दाण्याने कमी करी, गोळी केसभर आत बसवी, केसभर बाहेर काढी. गवताची दुसरी कापणी शेतात तशीच उभी राहिली.

“लायमन, गवत वाळतंय रे!” आर्लिस कुंपणाशी येऊन ओरडायची.

“वाळू दे. वाळलेलंच लागतं गाईंना.”

“कापून वाळवतात, मूर्खा! उभं नाही वाळवत!”

ऑक्टोबरात, हंगामाला चार दिवस उरले असता, योग्य प्रमाण सापडले. लायमनने वीस काडतुसे भरली. सतरा खातरजमा करण्यात गेली. तीन उरली. ताटाची बशी झाली होती. कॉफीचा कप अजून दूर होता, पण वेग ऐंशी फूट वाढला होता हे यंत्राने दाखवले, आणि यंत्र खोटे बोलत नाही.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सुधारित रायफल बाळगणारा माणूस कधीही साधे काडतूस वाया घालवत नाही. डोंगरात चालताना तो चेंबरात साधेच ठेवतो, कारण वाटेत एखादा कोल्हा दिसला तर कोल्हाही जातो आणि पुंगळीही घडते. सुधारित काडतुसे खिशात, फ्लॅनेलच्या फडक्यात, एकमेकांवर घासू नयेत अशी. या रीतीमुळे विलो फोर्कमधले कोल्हे फार जपून वागतात. एल्कांना तशी गरज पडलेली नाही.

हंगामाच्या नवव्या दिवशी सकाळी लायमन आणि आर्लिस खोऱ्यावरच्या डोंगराच्या खांद्यावर बसले होते. आर्लिस अशासाठी, की नर पडला तर मांस वाहून आणायला दोन माणसे आणि एक खेचर लागते, आणि खेचर तिचेच ऐकते. देवदारांच्या रांगेतून नर बाहेर आला. एका बाजूला सहा फाटे, दुसऱ्या बाजूला सात. सत्तर पावलांवर तो आडवा उभा राहिला आणि वाळके गवत खाऊ लागला. वारा त्यांच्या तोंडावर होता. अठरा वर्षांचे अर्ज एकत्र करून कोणी शिल्प घडवले असते तर ते असेच उभे राहिले असते.

पुढचे संभाषण आर्लिसने समितीपुढे शपथेवर सांगितले. लायमनने ते नाकारलेले नाही.

“मार,” ती कुजबुजली.

“थांब. आत साधी आहे.”

“काय साधी?”

“गोळी. साधी आहे गोळी. कोल्ह्याची.”

“त्याला कुठं माहीत आहे? मार!”

“अठरा वर्षांनी मिळालेला नर साध्या गोळीनं मारू?”

“लायमन ओडेगार्ड, तुझ्या बापानं याच बंदुकीनं—”

“हळू बोल. ऐकू जाईल त्याला.”

नराला बायकोचे बोलणे ऐकू गेले नाही. त्याला ऐकू गेला तो आतले काडतूस काढण्यासाठी रायफलीचा खटका मागे ओढल्याचा आवाज. साधे काडतूस न उडताच बाहेर निसटून खडकावर पडले आणि टिणटिणत खाली गेले. नराने मान वर केली. लायमनने फडके सोडले, सुधारित काडतूस आत घातले, खटका पुढे ढकलला. तो पुरता बसेना. ही पुंगळी चाचण्यांत इतक्यांदा वापरली होती की ती स्वतःच थोडी जास्त सुधारली होती. लायमनने जोर लावला. नर दोन उड्यांत झाडीत गेला. शेपटीकडची पिवळसर बाजू तेवढी क्षणभर दिसली.

“आता?” आर्लिसने विचारले.

“दुसरं काडतूस बसतं का बघतो.”

बसले. अगदी मऊ बसले, असे लायमनने साक्षीत आवर्जून सांगितले.

हंगामाचे उरलेले दिवस तो त्याच खांद्यावर बसला. शेवटचे तीन दिवस बर्फात. नर पुन्हा दिसला नाही. नोव्हेंबरअखेर परवाना रद्द झाला. त्या हिवाळ्यात ओडेगार्डांच्या फ्रीझरमध्ये हकलबेरीच्या रानफळांच्या पिशव्या होत्या आणि शेजाऱ्यांनी दिलेला एक हरणाचा फरा.

समितीची अंतिम बैठक ल्यूथरन चर्चच्या तळघरात, कॉफी आणि लिंबाच्या वड्या घेऊन झाली. समितीला आढळले ते असे. मंडळाच्या अकरा सभासदांनी रायफली सुधारून घेतल्या आहेत. त्यांच्या गोळ्यांचा वेग सरासरीने ऐंशी फूट वाढला. त्यांनी मारलेल्या एल्कांची संख्या वर्षाला नवावरून दोनावर आली. (हा दोष एल्कांचा असावा, त्यांची बाजू मांडायला कोणी आले नाही.) फायदा झाला का, या प्रश्नावर ज्यांनी सुधारणा केली त्या अकराही जणांनी ‘होय’ म्हटले. ज्यांनी केली नाही त्यांना अनुभव नसल्यामुळे मत देता आले नाही. आर्लिस सभासद नसल्यामुळे तिचे मत नोंदले नाही, पण ते वरच्या मजल्यावर पाद्रीबाबांनाही ऐकू गेले.

मुख्य साक्षीदार म्हणून लायमन शेवटी उभा राहिला. टोपी हातात, केस ओले करून बसवलेले.

“फायदा आहे,” तो म्हणाला. “फक्त माझ्या पुंगळीचे खांदे तीस अंशांचे होते. चाळीसचे करायला हवे होते.”

“मी आधीच सांगत होतो!” मागून ड्यूएन ओरडला.

“पुढचा परवाना मिळेपर्यंत तू एक्याऐंशीचा होशील,” आर्लिस बसल्या जागेवरून म्हणाली. “मी तेव्हा डोंगर चढणार नाही. आत्ताच लिहून घ्या, मास्तर.”

मी लिहून घेतले. सुधारणा फायद्याची असल्याचा ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.

बाहेर गाड्यांपाशी लायमन एकटा उभा होता. काचेवरचे बर्फ खरवडत होता. खरवडून झालेलेच पुन्हा खरवडत होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “ती साधी मारली असती तर लागली असती ना?”

त्याला मी सहावीत भागाकार शिकवला होता. खोटे बोलवेना.

“लागली असती, लायमन.”

त्याने मान हलवली. काच पुसली. “मोठा होता हो,” म्हणाला, आणि गाडीत बसला.

ही हकिकत मी शनिवारच्या वर्गात सांगतो. नर सत्तर पावलांवर उभा आहे आणि आत साधी गोळी आहे, इथपर्यंत आलो की मुले एका सुरात ओरडतात, “मारायची ना!” त्यांच्यापुरता विषय संपतो आणि ती डबे उघडतात. मोठ्यांना सांगितली की ते पोट धरून हसतात, लायमनला येडा म्हणतात, डोळे पुसतात, आणि मग जरा जवळ सरकून विचारतात, “पण मास्तर, सत्तर पावलांवर फरक पडला असता तरी किती?”

आपणही एव्हाना हिशेब मांडायला घेतला असेल. सत्तर पावले म्हणजे सुमारे एकशे नव्वद फूट. एकदा अठ्ठावीसशेने भागा, एकदा अठ्ठावीसशे ऐंशीने, आणि वजाबाकी करा. सोपे आहे, पण घाई करू नका; सावकाश, दशांशचिन्ह सांभाळून करा.

नर केव्हाच गेला आहे.