पहिला फोन वहिनींना

वसंतआप्पांनी आजवर अनेक कारखान्यांना मोठमोठे साहेब आणून दिले, पण त्यातल्या एकाही साहेबाला त्यांनी पहिला फोन केलेला नाही. पहिला फोन साहेबाच्या बायकोला. साहेब बाई असेल तर तिच्या नवऱ्याला, आणि सासू खमकी असल्याचं कानावर आलं तर त्याच्याही आधी सासूला.

कारखान्याच्या सगळ्यात वरच्या खुर्चीसाठी माणूस शोधून देणं हा आप्पांचा धंदा. मुंबईत हे काम करणारे लोक काचेच्या ऑफिसात बसतात. आप्पा केडगाव स्टेशनाजवळ, बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसतात. पूर्वी ते एका बड्या कंपनीत पर्सोनेल मॅनेजर होते. कंपनीचे कारखाने चहूकडे, त्यामुळे बदल्या भरपूर. शेवटची काही वर्षं शिरूरकडे काढून निवृत्त झाले. इंग्रजी चोख, पण बोलायचं ते आपल्या गावचंच, मग समोर परदेशी डायरेक्टर का असेना.

मी कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात एचआर मॅनेजर आहे. आमचा प्लांट हेड सोडून गेला आणि जागा रिकामीच राहिली. मुंबईहून उमेदवार यायचे, गाडीतून उतरायचे, हवेचा वास घ्यायचे, अर्धा चहा टाकायचे आणि 'विचार करून कळवतो' म्हणून जायचे. त्यांचा विचार अजून चालू आहे. शेवटी मालकांनी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की दिवाळीपर्यंत प्लांट हेड मिळाला नाही तर त्यांना दोन माणसं शोधावी लागतील. दुसरा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी आप्पांकडे धावलो. बायोडेटांची थप्पी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"कागदावर समदेच वाघ," ते म्हणाले. "आन् नोकरी शोधत हिंडनारा आपल्याला नको. आपल्याला रमलेला मानूस पायजे. जो एकीकडं रमतो त्योच दुसरीकडं रमतो."

रमलेला माणूस ते शोधतात यवतच्या ढाब्यावर. कारखाने अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा वेल्डर-फिटरांच्या टोळ्या या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरत असतात. त्या हायवेला जेवायला थांबतात. आप्पा त्यांच्यात बाकावर जाऊन बसतात आणि एकच विचारतात, "काही फुटलं-तुटलं तर कुठला सायेब आधी तुमच्याकडं पळत येतो, आन् कुठला आधी फोनकडं?"

आमच्या जागेसाठी ते गेले तेव्हा मीही सोबत होतो. एक बिहारी वेल्डर पोळी मोडता मोडता म्हणाला, "गुजरात में एक सावंत साहब हैं. गैस लीक हुआ तो पहले हमको बाहर निकाला, फिर ऑफिस को बताया."

आप्पांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. आमची मुलाखत झाली होती. सावंतांना अजून पत्ता नव्हता, एवढंच.

त्यांच्या पत्नीचा नंबर आप्पांनी कुठून पैदा केला, देव जाणे. फोन माझ्या केबिनमधून, स्पीकरवर. "वैनी, नमस्कार. तुमच्या मालकांसाठी एक नोकरी हाय. पर त्ये मागनं बघू. तुम्हाला हितं दौंड तालुक्यात ऱ्हायला आवडंल का?"

मी कपाळाला हात लावला. पलीकडून बाईंचा आवाज आला, "तिकडे ताजे मासे मिळतात का?"

"मिळत्यात की."

सावंत मंडळी मूळची मालवणकडची. आणि आप्पा माळकरी. केकमध्ये अंडं असल्याची नुसती शंका आली तरी वाढदिवसाला टाळ्या वाजवून उपाशी घरी येणारे. फोन ठेवून ते मला म्हणाले, "सायेब, मासं कुठं मिळत्यात वो?"

सावंत पती-पत्नी जागा बघायला आले तेव्हा आप्पांनी दौंडहून भीमेतला मासा आणवून ठेवला होता. वहिनींनी तो उलटापालटा करून पाहिला. "मासा चांगला आहे आप्पा," त्या म्हणाल्या, "पण यानं समुद्र पाहिलेला नाही."

आप्पा दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला गेले. सुरमई घेतली. पण गळ्यात माळ असताना मासा गाडीत शेजारी कसा बसवायचा? त्यांनी थर्माकोलचा डबा टपावर दोरीनं बांधला. बर्फ वितळून पाणी काचेवर ओघळायला लागलं. लख्ख उन्हात, वायपर चालू ठेवून, आप्पा पुण्याहून कुरकुंभपर्यंत आले. गेस्टहाउसच्या दारात वहिनी ते ध्यान बघून हसत सुटल्या, त्या पार खाली बसेपर्यंत. त्या हसण्यावर आमचा प्लांट हेड ठरला. सावंत दिवाळीआधी रुजू झाले आणि माझी खुर्ची वाचली.

या धंद्यात एक गॅरंटी असते. आणलेला साहेब सहा महिन्यांत सोडून गेला तर दुसरा फुकट शोधून द्यायचा. इतर कन्सल्टंट ही गॅरंटी करारात ठेवतात. आप्पा ती टपावर घेऊन दर रविवारी सावंतांच्या घरी जायचे. मासे द्यायचे, आपण ओसरीवर बसून वरणभात जेवायचे आणि निघताना म्हणायचे, "गॅरंटी चालू हाय."

आणि ती संपत आली असताना एका दुपारी सावंत माझ्या केबिनमध्ये आले. "हिला परत जायचंय," म्हणाले. मी तडक आप्पांकडे गेलो.

वाटलं, आप्पा वहिनींची समजूत घालतील. आप्पा म्हणाले, "वैनी न्हाई म्हनत असल्या तर न्हाई. मी दुसरा मानूस बगतो."

"आप्पा, माझी नोकरी जाईल हो."

"गेली तर काय करायचं, मिसेसला इचारलंय का?"

मी विचारलं नव्हतं. त्याचा मला आणखीच राग आला. रविवारी मी त्यांच्या गाडीत हटून बसलो. टपावर मासे होतेच.

वहिनी पाणी घेऊन आल्या. आप्पांनी गॅरंटीचं नावही काढलं नाही. "वैनी, काय खुपतंय?"

"खुपत काही नाही आप्पा. घर चांगलं आहे, मासेही मिळतात. पण हे सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. शेजारी मला मॅडम म्हणतात, बाजारात ताई, तुम्ही वहिनी. दिवसच्या दिवस मला कुणी नावानं हाक मारत नाही."

आप्पांनी तांब्या जवळ ओढला. मग म्हणाले, "आमच्या हिलाबी आसंच हुत आसंल. बदली झाली की मी घरी यून सांगायचो, सामान बांध. बांधायची. शेवटाला आजारी पडली, तवा म्हनली, मला शिरूरला यायचंच नव्हतं. म्हनलं, आगं मग बोलली का न्हाईस? तर म्हनली, तुम्ही इचारलं न्हाई." ते पाणी प्याले. "तवापासनं पैला फोन मी वैनीस्नी करतो."

इतकी वर्षं मी त्या फोनला आप्पांची युक्ती समजत होतो. मला फार वाईट वाटलं.

वहिनी उठून आत निघाल्या आणि दारातच वळल्या. "आप्पा, आज वरणभात नको. तुम्हांला काय आवडतं? सांगा, करते."

आप्पांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. जर्मन डायरेक्टरपुढे न अडणारा माणूस, त्याला आठवेचना. शेवटी शाळेतल्या पोरासारखे हळूच म्हणाले, "थालपीठ."

"वैनी, तुमचं नाव काय?" जेवताना त्यांनी विचारलं.

"सुमन."

सावंत अजून आमच्याकडेच आहेत. गॅरंटी केव्हाच संपली. ते आप्पांना सांगायला कुणी तयार नाही. परवाच्या रविवारी मी केडगावला त्यांच्या खोलीवर बसलो होतो. सकाळीच त्यांचा फोन वाजला. आप्पांनी आधी टोपी नीट केली, मग फोन उचलला.

"बोला सुमनताई... काहीबी करा... बरं, मग थालपीठच करा."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"बगा सायेब," म्हणाले, "दर रव्वारी इचारत्यात."