गनीसरांचं नाव कोणी दिलं?

इतिहासातले कट का फसतात, हे मी आयुष्यभर शिकवत आलोय. कटात माणसं जास्त असतात, आणि ती जास्त बोलतात. म्हणून स्वतः कट करायची वेळ आली तेव्हा मी त्यात माणूस एकच घेतला, म्हणजे मी. आणि बोलायचं ठरवलं तेही फक्त एक नाव : अब्दुल गनी. असा कट फसूच शकत नाही. इतिहासाचा कुठलाही अभ्यासक तुम्हाला हे सांगेल.

अब्दुल गनी हे आमच्या विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. मी कमलाकर, इतिहासाचा. विद्यापीठ मिशनचं, यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याच्या पुढे. राज्यशास्त्र विभागात ते एकटे, इतिहास विभागात मी एकटा, आणि आमची क्वार्टर्स शेजारीशेजारी. मधे कमरेएवढं तारेचं कुंपण. रोज संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे त्यांची. राजा आधी की प्रजा आधी, इथून भांडण सुरू व्हायचं आणि त्यांच्या बायकोनं, सईदाभाभींनी जेवायला हाक मारली की थांबायचं. निकाल कधीच लागला नाही. लागू नये अशीच आमची इच्छा होती.

मला जेवायला हाक मारणारं घरी कोणी नव्हतं. रत्नप्रभा पुण्याला गेली ती आमच्या शाल्मलीच्या बाळंतपणाला. मग म्हणाली, बाळाला मान धरू दे. मग म्हणाली, दात येऊ देत. मग म्हणाली, आता तो मला सोडतच नाही. तो नातू आता शाळेत जातो. ती फोनवर म्हणते येते, मी म्हणतो ये. एवढं बोलून झालं की आम्ही दोघं पुण्याच्या हवेबद्दल बोलतो.

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. वर्गातली पोरं एक तर घरच्या वेचणीला, नाही तर पुण्याच्या कंपनीत. मी रिकाम्या बाकांची हजेरी घ्यायचो. गंमत म्हणजे कापसाला भाव नव्हता, पण कापसावर बोलणाऱ्याला होता. दिल्लीहून, मुंबईहून वाहिन्यांच्या गाड्या यायच्या आणि गनीसरांना खुर्चीत बसवून धोरणं विचारायच्या. इतिहासाला कोण विचारतो? एकदा एका मुलीनं चुकून माझ्यासमोर माइक धरला. मी अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून सुरुवात केली, कारण वऱ्हाडच्या कापसाचा भाव तिथूनच चढला. "सर, थोडं अलीकडचं," ती म्हणाली. मी अलीकडे येत येत इंग्रजांपर्यंत पोचलो, तोवर तिच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

तर एका शनिवारी कांताबाई आली. ती आमच्या दोन्ही घरची धुणीभांडी करायची, त्यामुळे एका घरातली बातमी दुसऱ्या घरात भांडी वाळायच्या आत पोचायची.

"सर, गनीसर नागपूरले गेले. कोट घालून. सर्टिफिकिटाची फाईल बी नेली."

"कशाला?"

"तिथं कोन्या मोठ्या कालेजात नोकरी हाय म्हने. साजिदभाऊनं जमवलं."

साजिद त्यांचा मुलगा. नागपूरला त्याचं मोटारींचं वर्कशॉप आहे.

माझ्या हातातला चहा गार झाला. खरं सांगतो, मला भीती वाटली. गनीसर गेले तर या आवारात माझ्याशी भांडणारंसुद्धा कोणी उरणार नव्हतं.

साधा माणूस असता तर कुंपणापाशी जाऊन म्हणाला असता, "गनीसर, जाऊ नका." पण आम्ही पडलो प्राध्यापक. सार्वभौमत्वावर आम्ही अख्खा उन्हाळा काढला होता, पण 'तुम्ही आहात म्हणून बरं वाटतं' असं एकमेकांना कधी म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशातल्या माणसालाच लाज वाटली.

मग मला चॅपल आठवलं.

आमच्याकडे रोज सकाळी पहिल्या तासाच्या आधी चॅपल असतं. हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो, सगळ्या स्टाफनं यायचं. गनीसर सोडून सगळे येतात, कारण गनीसर उशिरा उठतात. शेवटी पाद्रीसाहेब, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं उच्चारतात. नुसती नावं. कुणाला काय झालंय ते सांगायचं नाही, आणि नाव कोणी सुचवलं तेही सांगायचं नाही. कारण देवाला ठाऊक असतं, लोकांना कशाला, असं आमच्या शांतवन पाद्रीसाहेबांचं म्हणणं. मागे ग्रंथपालांचं नाव असंच निघालं होतं आणि त्यांची चिखलदऱ्याच्या मिशन शाळेत झालेली बदली रद्द झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणजे पद्धत खात्रीची, आणि नाव सुचवणारा कायमचा गुप्त. कटाला आणखी काय लागतं?

रविवारी मी पाद्रीसाहेबांना चर्चच्या पायरीवर गाठलं.

"उद्या गनीसरांसाठी प्रार्थना करायची आहे."

"का हो? काय झालं त्यांना?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर डोळ्यांतून पाणीच आलं. शेजारच्या जिनिंग कारखान्यातली कापसाची धूळ उडत होती, डोळ्यांत गेली असणार. पाद्रीसाहेबांनी माझा हात हातात घेतला.

"काही बोलू नका. देवाला कळलं."

देवाला नेमकं काय कळलं, ते मला कळलं नाही. पण मी खूश होऊन घरी आलो.

सोमवारी चॅपलमध्ये जाऊन बसतो तर काय, गनीसर हजर. केस चापून बसवलेले. सरळ माझ्या शेजारी येऊन बसले.

"आज लवकर उठलात?"

"तुमाले एक गोष्ट सांगाची हाय, कमलाकरजी. हे होऊ द्या, मंग सांगतो."

नोकरी मिळाली असणार. मी मान खाली घालून बसलो. प्रार्थना झाली, गाणं झालं, आणि पाद्रीसाहेब जड आवाजात म्हणाले, "आज आपण विशेषकरून स्मरण करू या... आपले बंधू, प्राध्यापक अब्दुल गनी."

सगळी डोकी एकदम वळली.

"माझं नाव?" गनीसर कुजबुजले. "काहून?"

"दुसरा कोणी असेल."

"ह्या विद्यापीठात अब्दुल गनी मी एकटाच हाय."

एव्हाना आजूबाजूचे लोक डोळे मिटून इतक्या कळकळीनं पुटपुटायला लागले होते की गनीसरांनीही घाबरून डोळे मिटले. मला सांगायची गोष्ट राहूनच गेली.

आता माझी एक बारीकशी चूक झाली होती. मला ग्रंथपाल आठवत होते. बाकी सगळ्यांना भूगोलाचे प्राध्यापक आठवत होते. त्यांचंही नाव असंच निघालं होतं, आणि त्यानंतर लवकरच आम्ही सगळे त्यांच्या घरी पांढऱ्या कपड्यांत बसलो होतो.

चॅपलमधून बाहेर पडताच वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी गनीसरांच्या हातातली बॅग काढून घेतली. कुलसचिव म्हणाले, "तुम्ही तास घेऊ नका, विश्रांती घ्या."

"पन मले काय झालं? मी बरा हाय."

"हो, हो, बरेच आहात," असं सगळे एका सुरात म्हणाले. इतकं गोड बोलणं ऐकून तर धडधाकट माणूससुद्धा अंथरूण धरेल.

दुपारपर्यंत गनीसरांची एक किडनी गेली होती. चार वाजता दुसरीही गेली. संध्याकाळी माझी खुर्ची कुंपणापाशी मांडली तेव्हा पलीकडे त्यांची खुर्ची होती, पण तिच्याभोवती अख्खा कॉमर्स विभाग उभा होता. कोणी नारळपाणी आणलं होतं, कोणी मुगाची खिचडी. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. मी घरात जाऊन वाटीभर पोहे खाल्ले.

तेवढ्यात सईदाभाभी मागच्या दाराशी आल्या. कांताबाईनं भांडी घासता घासता त्यांना सगळं सांगितलं होतं.

"भाऊ, तुमी रोज त्याईच्या संगं बसता. तुमाले माहीत असंन. काय झालं त्याईले?"

"काही नाही भाभी, ठणठणीत आहेत."

हे मी इतक्या घाईनं बोललो की त्या तिथेच पायरीवर बसून रडायला लागल्या. "पाद्रीले सांगतलं, साऱ्या दुनियेले सांगतलं, आन् मलेच नाई सांगतलं!"

मंगळवारी फुलसावंगीहून त्यांचे नातेवाईक जीप भरून आले. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात एखाद्या घरापुढे गर्दी दिसली की रस्त्यावरचा माणूस गाडी थांबवून खाली उतरायचा. तसे लोक उतरू लागले. एका वाहिनीची गाडीही थांबली. चौकशी करून, कापसाशी संबंध नाही असं कळल्यावर निघून गेली.

गर्दी जरा पांगली तेव्हा गनीसर कुंपणाशी आले. स्वतःची नाडी धरून.

"कमलाकरजी, मांगच्या महिन्यात मिशनच्या दवाखान्यात मी रक्त तपासलंतं. डॉक्टर आन् पाद्री एकाच पंगतीत जेवते. रिपोर्टात काही निंगालं असंन. मले नाई सांगतलं, पाद्रीले सांगतलं."

"छे हो!"

"तुमी कायले घाबरून राह्यले मंग?"

आता कट मोडायलाच हवा होता. मी तडक पाद्रीसाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, "ते नाव मागे घ्या."

"प्रार्थना मागे घेता येत नाही, कमलाकरराव. परीक्षेचा फॉर्म आहे का तो?"

"मग निदान ते बरे आहेत असं सांगा."

"कारण सांगायची पद्धत नाही. फार तर उद्या आभार मानतो."

मी म्हटलं, माना. आभार मानल्यानं कुणाचं काय बिघडणार? बुधवारी पाद्रीसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "बंधू अब्दुल गनी यांनी आपल्यात राहून जी सेवा केली, तिच्याबद्दल आपण प्रभूचे आभार मानू या." आता, सेवेबद्दलचे आभार आमच्याकडे दोनच वेळा मानतात. निवृत्तीला, आणि दुसरी वेळ तुम्हाला कळली असेलच. गनीसरांच्या निवृत्तीला अजून अवकाश होता. मागच्या बाकावर वनस्पतिशास्त्राच्या बाई हुंदके देऊ लागल्या.

दुपारी साजिद नागपूरहून आला तो गाडी घेऊनच. आईबापांना मागच्या सीटवर बसवलं आणि घेऊन गेला. मी कुंपणापाशी होतो. "साजिद, अरे ऐक, ते नाव..." एवढं म्हणालो, तर तो वाकून माझ्या पाया पडला. "काका, आप दुआ में याद रखना." मी त्याला आशीर्वाद देऊन मोकळा झालो.

नंतर बरेच दिवस पलीकडच्या अंगणात नुसती खुर्ची होती. मी रोज बसायचो. राजा आधी की प्रजा आधी, हे एकट्यानं ठरवून पाहिलं. पाच मिनिटांत ठरलं, आणि काही मजा आली नाही.

मग एका रविवारी ट्रक आला. मागोमाग गनीसर उतरले. तब्येत उत्तम, गाल वर आलेले.

"सारे रिपोर्ट साफ निंगाले," ते म्हणाले. "डॉक्टर म्हने, तुमाले आजारी कोनं म्हटलं?"

"मग हा ट्रक?"

"सईदा आयकत नाई. म्हनते, दवाखाना जवळ पाह्यजे, पोरगा जवळ पाह्यजे. साजिदनं त्या कालेजात जाऊन परस्पर हो सांगून देल्लं. उद्या जॉइन व्हाचं हाय."

कपाट चढलं, पलंग चढला. शेवटी कुंपणाजवळची खुर्चीही हमालानं उचलली. गनीसर तिच्याकडे पाहत राहिले.

"खरं सांगू? त्या शनिवारी इंटरव्ह्यू झाला तवाच मी त्याईले तोंडावर नाई म्हनून आलतो. म्हटलं, तिथं मोठं कालेज हाय, पन आपल्यासंगं भांडन कोन? हेच तुमाले सांगाले त्या सोमवारी लवकर उठून चॅपलमधी आलतो. आन् तिथं माझंच नाव निंगालं."

मी कुंपणाची तार घट्ट धरली.

"पन एक गोष्ट मनातून जात नाई," ते म्हणाले. "पाद्रीसाहेब म्हनले, नाव सांगनाऱ्याच्या डोळ्यात पानी होतं. माझ्यासाठी इथं कोनाच्या डोळ्यात पानी येते? कोन होता तो, येवढं मले मालूम असतं ना, कमलाकरजी, तर मी सईदाले म्हटलं असतं, घर इथंच राहू दे."

सईदाभाभी पुढे केबिनमध्ये बसल्या होत्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. गनीसर अजून माझ्याकडे पाहत होते. एकच शब्द बोलायचा होता, 'मी'. माझे ओठ हललेही.

"तुमी शोधून काढसान?" त्यांनी विचारलं.

"शोधतो," मी म्हणालो.

काय करणार, इतिहासाचा माणूस आहे. शोधायला वेळ लागतो. आणि आता वेळ भरपूर आहे.