आमच्या घरातली सक्तीची शांतता

घरात शांतता कशी राखायची, हे कुणी मला शिकवू नये! खोक्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं माल रवाना करणारा माणूस मी. रोज चाळीस ट्रक एकमेकांना न घासता फाटकाबाहेर काढतो. घरात तर माणसं मोजून चार! मी, बायको, कॉलेजातली मुलगी आणि माझे वडील, अण्णा. चार माणसं शांत ठेवायला असं कितीसं डोकं लागतं?

तर झालं असं, की कारखान्यातली निम्मी माणसं कमी करणार अशी बातमी फुटली. नावांची यादी शुक्रवारी लागणार होती. तोवर आमची डोकी थंड राहावीत म्हणून मालकांनी सोमवारी एका समुपदेशक बाईंचं भाषण ठेवलं. म्हणजे मानेवर सुरी ठेवायची आणि वर गुदगुल्या करायच्या!

बाई म्हणाल्या, "ताणाच्या दिवसांत घर सांभाळा. उपाय साधे आहेत. संध्याकाळी तासभर फोन बाजूला ठेवा. सगळे मिळून सावकाश श्वास घ्या. आवाज चढवू नका. काळज्या चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका आणि रविवारी एकत्र बसून वाचा." पुढेही त्या बरंच काही म्हणाल्या, पण तोवर मी चहाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो.

संध्याकाळी घरी आलो तो हुकूम काढूनच!

"सहा ते सात फोन कपाटात! कुलूप लावून! सगळ्यांनी बैठकीच्या खोलीत श्वास घ्यायचा!"

"अहो, पण ओरडताय कशाला?" बायको म्हणाली.

"ओरडत नाहीये! सांगतोय!"

"बाबा, आजोबांना खाली बसता येत नाही," मुलगी म्हणाली.

"खुर्चीत बसतील! खुर्चीत काय हवा कमी असते?"

बिस्किटांचा रिकामा डबा पुसून मी टेबलावर ठेवला. काळजी म्हणून तोंडाने बोलायची नाही. जे काय असेल ते डब्यात!

मंगळवारी सकाळी बायको म्हणाली, "अहो, तो बाथरूमचा पाइप..."

"चिठ्ठी!"

"बाबा, आजोबांचे पाय..."

"चिठ्ठी!"

दुपारनंतर मला कुणी काही सांगेनासंच झालं. घर असं गप्प झालं की भिंतीवरच्या घड्याळालाही टिकटिकायचा संकोच वाटावा! मला अगदी भरून आलं. कारखान्यात पॅकिंगच्या फोरमनला मी ऐटीत सांगितलं, "आमचं घर म्हणजे सध्या वाचनालय आहे, वाचनालय!"

बुधवारी त्या वाचनालयाच्या दारावर धाडधाड मुठी आपटल्या. खालच्या मजल्यावरचे ड्रॉइंगमास्तर!

"तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या कपाटात उतरलंय! परीक्षेची सगळी चित्रं भिजली! पोरांनी काढलेल्या डोंगरांच्या नद्या झाल्या!"

मी डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"अहो, झोपलात की काय?"

"मास्तर, आवाज खाली. आमच्याकडे काळजी लिहून देतात. रविवारी वाचू."

कागद-पेन्सिल मी स्वतः पुढे केली. मास्तरांनी लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की पेन्सिलीचं टोक उडून माझ्या चहात पडलं. मग त्यांनी तडक गच्चीवर जाऊन आमच्या नळाचा कॉकच बंद केला. आता घरात पाणीही शांत!

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही चौघं डोळे मिटून बसलो. पाच मिनिटांतच अण्णांचा श्वास खोलीभर ऐकू यायला लागला.

"वा!" मी म्हणालो. "याला म्हणतात श्वास! शिका जरा अण्णांकडून!"

"अहो..."

"श्श!"

"बाबा, आजोबांना..."

"डोळे मीट!"

श्वासाचा आवाज वाढत गेला. फुटक्या पंपाने सायकलीत हवा भरावी तसा. मी मनात म्हटलं, ऐंशीच्या घरातला माणूस, पण काय ही मेहनत!

"अहो, ओठ निळे पडलेत त्यांचे!" बायको किंचाळली.

"आवाज चढवू न..." म्हणत मी डोळे उघडले.

अण्णांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते. तोंड उघडं, अंगभर घाम, आणि डोळे माझ्याकडे लागलेले.

मी कपाटाकडे धावलो. किल्ली खिशातच होती, पण घाईत मी ती कुलपात पुन्हा पुन्हा उलटीच घालत होतो. मुलगी माझी वाट बघत थांबली नाही. ती खाली पळाली आणि मास्तरांना घेऊन आली. मास्तरांनी अण्णांना दोन्ही हातांवर उचललं, जिना उतरून आपल्या गाडीत घातलं. मी मागे चपला घेऊन धावत होतो. कुणाच्या, ते मलाही माहीत नव्हतं.

"फुफ्फुसात पाणी साठलंय," डॉक्टर म्हणाले. "पाय कधीपासून सुजलेत?"

"सूज?" मी विचारलं. "कसली सूज?"

"सोमवारपासून," बायको हळूच म्हणाली. "चिठ्ठी टाकली होती."

"मी दोन टाकल्या होत्या," मुलगी म्हणाली.

आणि मी भडकलो! "तोंडाने सांगता येत नव्हतं?" असा ओरडलो की नर्सने मला दंडाला धरून व्हरांड्यात आणून सोडलं.

बायको मागोमाग आली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "सांगता येत होतं हो. ऐकणार कोण होतं? यादीचं कळल्यापासून सांडलेल्या पाण्यावरसुद्धा ओरडत होतात तुम्ही. डबा आला तेव्हा आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढा एकच श्वास काय तो नीट झाला."

शुक्रवारी सकाळी घरी जाऊन मी डबा उपडा केला. 'पाइप गळतोय.' 'अण्णांचे पाय सुजलेत.' 'आजोबांना आडवं होता येत नाही, बसून झोपतात.' 'आजोबांना दवाखान्यात न्यायला हवं, प्लीज.' मास्तरांची चिठ्ठी इथे देण्यासारखी नाही. आणि तळाशी एक, वेड्यावाकड्या अक्षरातली: 'त्याची नोकरी राहू दे. यादी लागेपर्यंत माझ्या दुखण्याचं त्याला सांगू नका.'

ती मी चारदा वाचली. मग कारखान्यात जाऊन यादी वाचली. माझं नाव सातवं होतं.

रविवारपर्यंत अण्णा सावरले. उशीला टेकून चहा पीत होते. डॉक्टर म्हणाले, "छान! उद्या घरी जायला हरकत नाही."

मला वाटलं, हीच वेळ. मी अण्णांचा हात हातात घेतला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "अण्णा, यादीत नाव आलं माझं. पण तुम्ही मुळीच काळजी करू नका! एक तारखेपासून मी दिवसभर घरीच. तुमच्या उशाशी बसून राहीन!"

अण्णांनी कप खाली ठेवला. सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. दोघीही खिडकीबाहेर बघत होत्या.

"डॉक्टर," अण्णा म्हणाले, "उद्याचं राहू द्या. मला आणखी आठवडाभर इथेच ठेवता येईल का?"

डॉक्टर घाबरून परत फिरले. "का हो? काही त्रास होतोय?"

"अजून नाही," अण्णा म्हणाले.